समुद्रपर्यटन आणि सल्लागार

निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतील काही भाग समुद्रपर्यटनासाठी राखून ठेवण्यात गैर काहीच नाही. मात्र २००४ मध्ये सेवेत आलेल्या ‘क्वीन मेरी २’सारख्या जहाजाचे तिकीट म्हणजे केवळ प्रवासभाडे नव्हे. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा प्रवास साधारणतः सात रात्रींचा. भोजनगृह कोणते मिळणार, हे केबिनच्या श्रेणीवरून ठरते. काही संध्याकाळी औपचारिक पोशाख अपेक्षित असतो. आपली रेशमी साडी वा बंदगळा त्यात खुशाल चालतो. उत्तर अटलांटिक खवळला, की मध्यभागातील खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात. वरच्या मजल्यावरील महागडी केबिन म्हणूनच प्रत्येकाला मानवेल असे नाही, हे रंगीत माहितीपत्रक सांगत नाही. जाणता सल्लागार सांगतो. भारतीय पारपत्रधारकास ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांचे व्हिसा लागतात, याचे स्मरणही तोच वेळेवर देतो.

तथापि, त्याचे कमिशन बहुधा जहाज कंपनीकडूनच येते. सल्ला विनामूल्य भासला तरी निरपेक्ष असेलच असे नाही. तेव्हा कर्मचाऱ्यांची दैनिक बक्षिसी, प्रवास विमा आणि आरक्षण रद्द केल्यास होणारी कपात यांचा तपशील ग्राहकाने लेखी मागावा. मुदत ठेव मोडण्याचा विचार त्यानंतर करावा.