जीवशास्त्राला गणित हवेच

चौलच्या रामेश्वराची पुष्करणी असो वा एखादे डबके, तिथल्या थेंबभर पाण्यातही जीवाणू पोहत असतात. त्यांतल्या अनेकांना पुढे ढकलते ती कशाभिका, म्हणजे जेमतेम 20 नॅनोमीटर जाडीचा मळसूत्री तंतू. साल्मोनेला या जीवाणूचा हा तंतू फ्लॅजेलिन या एकाच प्रथिनाच्या हजारो रेणूंचा बनतो. सारे रेणू एकसारखे, मग तंतू सरळ न होता मळसूत्री का होतो? याचे समाधानकारक उत्तर 1975 मध्ये मांडले ते केंब्रिजच्या ख्रिस्तोफर कॅलडाइन या अभियंत्याने. तंतूत रेणूंच्या उभ्या 11 सरी असतात आणि प्रत्येक सर किंचित लांब किंवा किंचित आखूड अशा दोनच अवस्थांत राहू शकते. सगळ्या सरी एकाच अवस्थेत असल्या तर तंतू सरळ राहतो. मिसळ झाली की आखूड सरी एका अंगाला जमतात, तंतू वाकतो आणि त्याला पीळ पडतो. या हिशेबाने 12 आकार निघतात: दोन सरळ, दहा मळसूत्री. दोन अवस्थांमध्ये रेणूमागे फरक किती, ते पुढे जपानी संशोधकांनी क्ष-किरणांच्या आधारे दाखवले: जेमतेम 0.08 नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या व्यासाहूनही कमी.

हे उदाहरण आपल्याकडच्या एका सवयीविरुद्ध साक्ष देते. बारावीनंतर वैद्यकीय शाखा गाठायची म्हणून असंख्य मुले अकरावीतच गणित सोडतात. ‘नीट’ला गणित नाही, मग ओझे कशाला, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे; अभ्यासाचा ताण खराच आहे. पण त्यावर उपाय म्हणून गणिताला रजा देणे चूक आहे. रोगाचा फैलाव, औषधाची मात्रा, चाचणीचा खरेखोटेपणा हे सारे संभाव्यतेवर उभे आहे. निव्वळ गणिताने जीवशास्त्र सुटत नाही, हा आक्षेपही खरा. कॅलडाइन यांचे प्रारूपही प्रयोगांच्या कसोटीवर उतरल्यामुळेच टिकले. पण प्रारूपच नसते तर नेमके काय तपासायचे, हे कसे कळले असते?

गणिताने जीवशास्त्र उलगडण्याची ही परंपरा आपल्याला परकी नाही. गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर कोसंबी यांनी 1944 मध्ये, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र दिले. जनुकशास्त्रज्ञ ते आजही वापरतात. अलिबाग तालुक्यातल्या आणि राज्यभरातल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी निदान संख्याशास्त्र आणि संभाव्यता यांचा छोटा, परीक्षेच्या धाकाविना शिकवला जाणारा वर्ग सुरू करावा. आणि पालकांनी मुलाने गणित सोडण्याआधी एकदा थांबून विचार करावा.