जुन्या मोटारीचे मोल करताना



बैल घ्यायचा झाला की आपण त्याचे दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो. मालकाने तो चार वर्षांपूर्वी कितीला आणला होता, यावरून कोणी भाव ठरवीत नाही. मोटार विकताना मात्र हे शहाणपण आपण गोठ्यातच ठेवून येतो. त्यापायी एका घराची कशी ओढाताण झाली आणि त्यातून वाट कशी निघाली, ते आज सांगतो.

जुना जालन्यात आमच्या गल्लीत एक कुटुंब राहते. शेती अंबड तालुक्यात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत त्यांचे सोयाबीन पाण्यात बसले, कापसाची बोंडे काळी पडली. दिवाळी झाली तशी दोन गरजा एकदम उभ्या राहिल्या : रब्बीचे बी-खत आणि मुलीची कॉलेजची फी. दारात २०२१ च्या दसऱ्याला घेतलेली छोटी एस.यू.व्ही. होती. ती विकायचे ठरले. यजमानांच्या मनात सात लाखांचा आकडा होता. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "चार लाख दहा हजार. आत्ता रोख देतो."

यजमान संध्याकाळी माझ्याकडे आले. "साहेब, साडेनऊ लाख घातले मी हिच्यात. हा माणूस मला लुबाडतोय." वहिनी मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, घातले किती ते राहू द्या. आज तिला कोण किती देईल, ते साहेबांना विचारा." वहिनींचा प्रश्न बरोबर होता. मग आम्ही वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, साडेनऊ लाखांत गाडी किती होती? शोरूमची किंमत होती ८ लाख २० हजार. त्यावर पेट्रोल गाडीचा ११ टक्के रस्ता कर, म्हणजे ९० हजार. बाकी विमा, नोंदणी आणि सीटकव्हर-गाण्यांची पेटी यांचा खर्च. हा पैसा विकताना परत येत नाही. पहिल्या वर्षाचा विमा पहिल्याच वर्षी सरला, आणि सीटकव्हरला कोणी वेगळा भाव देत नाही.

दुसरी गोष्ट, हिशेब सुरू करावा तो त्याच गाडीच्या आजच्या नव्या किमतीपासून. इथे त्यांना एक धक्का बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जी.एस.टी. १८ टक्के झाला. त्याआधी १२०० सी.सी.पर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाडीवर उपकर धरून २९ टक्के आणि १५०० सी.सी.पर्यंतच्या डिझेल गाडीवर ३१ टक्के कर होता. त्यामुळे यांची जी गाडी सप्टेंबरच्या सुरुवातीला शोरूममध्ये ९ लाखांना होती, ती सुमारे ८ लाख २३ हजारांवर आली. नवी स्वस्त झाली की जुनी आपोआप उतरते. ज्या महिन्यात पीक गेले, त्याच महिन्यात दारातली गाडीही उतरली होती, आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

एक ध्यानात ठेवावे. गाडी ४ मीटरच्या आत असली म्हणजे ती या सवलतीत बसतेच असे नाही, इंजिनही मर्यादेत हवे. पेट्रोलचे इंजिन १२०० सी.सी.च्या वर गेले की नव्या गाडीवर ४० टक्के कर आहे. सबब शेजाऱ्याच्या गाडीचा भाव आपल्या गाडीला लावू नये.

तिसरी गोष्ट वयाची. विमा कंपन्या गाडीची विमा-किंमत ठरविताना आजच्या नव्या किमतीतून वयाप्रमाणे घट धरतात. ती अशी : ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के, १ वर्षापर्यंत १५, २ वर्षांपर्यंत २०, ३ पर्यंत ३०, ४ पर्यंत ४० आणि ५ वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे कंपनी व मालक यांच्या संमतीने. या गाडीला चार वर्षे पूर्ण झालेली, म्हणून घट निम्मी. ८ लाख २३ हजारांचे निम्मे ४ लाख ११ हजार. हा बाजारभाव नव्हे. ज्या गाडीला गिऱ्हाईक पुष्कळ आणि सुटे भाग गावोगावी मिळतात ती याहून वर जाते, नाही ती खाली येते. पण मोजमाप करायला ही एक खुंटी बरी.

चौथी गोष्ट, बाजाराचा कानोसा. त्याच वर्षाच्या, त्याच इंधनाच्या आणि जवळपास तेवढ्याच किलोमीटर चाललेल्या चार गाड्यांची चौकशी मुलीने मोबाईलवर केली. मालक ५ लाख १० हजारांपासून ५ लाख ६० हजारांपर्यंत मागत होते. मागणी म्हणजे सौदा नव्हे. घासाघीस धरून ५ लाख मानले. त्यातून चार टायर २२ हजार, बॅटरी ५ हजार आणि पुढच्या बंपरचे काम ८ हजार, असे ३५ हजार वजा केले. उरले ४ लाख ६५ हजार.

म्हणजे सात लाख हे स्वप्न होते. व्यापाऱ्याचे ४ लाख १० हजार मात्र लूट नव्हती. त्याला गाडी दुरुस्त करायची, महिना-दोन महिने दारात उभी ठेवायची, आणि तो नोंदणीकृत असेल तर नफ्यावर १८ टक्के जी.एस.टी. भरायचा. घरगुती वापराची गाडी माणसाने माणसाला विकली तर हा कर लागत नाही. मधल्या ५५ हजारांच्या फरकासाठी तीन आठवडे थांबता येईल का, एवढाच प्रश्न उरला. फीची मुदत महिनाभराने होती, म्हणून थांबायचे ठरले.

ते तीन आठवडे रिकामे गेले नाहीत. गाडी धुतली, पण नवा रंग दिला नाही. नव्या रंगाने घेणाऱ्याला अपघाताचा संशय येतो. सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार लावल्या. त्या वर्षी पुराचे पाणी शिरलेल्या गाड्या बाजारात येतील ही भीती सर्वांनाच होती, म्हणून गिऱ्हाईक आले की यजमान स्वतःच गालिचा उचलून खालचा कोरडा पत्रा दाखवीत.

घेणाऱ्यानेही एवढे पाहावे. गाडी गार असताना सुरू करावी. तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा फेस असेल तर इंजिनात पाणी गेल्याचा संशय धरावा. टायरवरचे चार आकडे वाचावेत, ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. किलोमीटर थोडे दाखवीत असेल आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर मात्र गुळगुळीत झाले असेल, तर सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. कोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, तेही पाहावे.

गाडी शेवटी एका शिक्षकांनी ४ लाख ६० हजारांना घेतली. पैसे बँकेतून आले, आणि ते योग्यच. एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

पैसे आले म्हणजे काम संपले असे समजू नये. कर्ज फिटले असेल तर बँकेचा दाखला व नमुना ३५ देऊन बोजा उतरवावा. नमुना २९ व ३० भरून आर.टी.ओ. कार्यालयात नाव बदलावे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले, की गाडी कितीही हात फिरलेली असो, अपघाताच्या भरपाईला जबाबदार तो, ज्याचे नाव नोंदणीत आहे. विकलेल्या गाडीच्या अपघातापायी शेत विकायची पाळी कोणावर येऊ नये.

जाता जाता एक. विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. तिचा दाखला कंपनीकडून मागून ठेवावा, पुढच्या गाडीला ती ५० टक्क्यांपर्यंत मिळू शकते.

त्या घरी मुलीची फी वेळेवर भरली गेली आणि हरभराही पेरला गेला. यजमान आता बसने शेतावर जातात. परवा म्हणाले, "साहेब, वही दिवाळीआधी काढली असती तर एवढी झोप उडाली नसती." आपल्या दारात गाडी असेल तर वर्षातून एकदा, अडचण नसताना, तिचे मोल वहीत मांडून ठेवावे. अडल्या वेळी हिशेब मांडायला बसले, की समोरच्याचा आकडाच खरा वाटू लागतो.