रुग्ण परत आला नाही, म्हणजे तो बरा झाला?

डॉक्टरांच्या एका मेळाव्याच्या स्मरणिकेतला लेख गेल्या महिन्यात वाचला आणि दोन रात्री तो डोक्यातून गेला नाही. लेखक माझ्याहून वयाने मोठे, व्यवसायात चाळीस वर्षे मुरलेले. त्यांचे नाव मी घेत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. आमच्यातले निम्मे लोक चहा पिताना हेच बोलतात, त्यांनी ते छापले इतकेच.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. महाराष्ट्रात डॉक्टरला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या सभांतून तीस क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. ही अट म्हणजे केस पिकलेल्या माणसाला पुन्हा बाकावर बसवणे. रुग्ण हाच खरा गुरू. चाळीस वर्षांच्या अनुभवापुढे चाळीस मिनिटांचे व्याख्यान काय शिकवणार? ज्याला शिकायचे आहे तो मोबाईलवर शिकतो, ज्याला नाही तो सही ठोकून जेवणाच्या रांगेत उभा राहतो. रविवार बुडतो तो बुडतोच. सबब अट रद्द करा.

रविवारचा हिशेब आधी मिटवू. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत पाच वर्षांत तीस तास सांगितले आहेत. म्हणजे महिन्याला अर्धा तास. आपल्या धंद्यात चुकले तर माणूस मरतो. त्यासाठी महिन्याला अर्धा तास जड जात असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. मोबाईलचे म्हणाल तर मोबाईल विचारलेल्याचेच उत्तर देतो. जे आपल्याला ठाऊकच नाही ते विचारायचे कसे?

आता त्यांच्या लाडक्या मुद्द्याकडे येतो, कारण सारा लेख त्याच खांबावर उभा आहे. रुग्ण हाच गुरू.

गुरू चूक दाखवतो. शाळेत मास्तर वहीत लाल रेघ ओढायचे, म्हणून शुद्धलेखन सुधारले. दवाखान्यात ही लाल रेघ कोण ओढतो? विषाणूचा ताप पाचव्या दिवशी आपोआप उतरतो. आपण तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक दिलेले असते, ताप उतरतो, रुग्ण हात जोडून जातो आणि आपल्या मनात पक्के होते की औषध लागू पडले. असे हजार रुग्ण झाले की तो अनुभव होतो. औषध हजारही वेळा निरुपयोगी होते, हे त्या हजारांपैकी एकही जण येऊन सांगत नाही. अशक्तपणासाठी लावलेल्या सलाईनचे तेच. चार दिवस विश्रांती घेतल्याने माणूस उभा राहतो आणि श्रेय बाटलीला जाते.

जो बरा होत नाही, त्याचे काय होते? तो भांडायला येत नाही. तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, भंडाऱ्याला जातो, नागपूरला जातो. दगावला तर घरचे लोक आपल्या दवाखान्यासमोरून जाताना मान फिरवतात. आपण मात्र समजतो की आला नाही म्हणजे बरा झाला असेल. अनुभव अनुभव म्हणून आपण जो मिरवतो तो परत आलेल्यांचा अनुभव असतो. न आलेल्यांचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो.

आणि डोळ्यांना दिसलेली सुधारणा तरी खरी असते का? हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे जादा, अवेळी ठोके पडतात. ते थांबवणारी औषधे एके काळी जगभर दिली जात होती. डॉक्टर ईसीजी काढत, ठोके थांबलेले दिसत. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा होता? मग अमेरिकेत चाचणी झाली. त्यातल्या दोन औषधांचा भाग १९८९ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. १९९१ मध्ये पूर्ण आकडे छापून आले तेव्हा औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, आणि नुसत्या बिनऔषधाच्या गोळ्या घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसे मरत होती. दवाखान्यात बसलेल्या कुठल्याही एका डॉक्टरला, तो कितीही हुशार असो, ही गोष्ट आपल्या अनुभवातून कळणे शक्यच नव्हते. झटका येऊन गेलेला रुग्ण मरतोच कधीतरी, असेच त्याला वाटले असते.

वय वाढते तसे शहाणपण वाढते, हे घराच्या ओसरीवर खरे असेल. २००५ साली ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. व्यवसायातली वर्षे वाढली की काळजीचा दर्जा वाढतो का, हा प्रश्न होता. निम्म्याहून अधिक अभ्यासांत उत्तर उलटे आले: वर्षे वाढली तसा तपासलेल्या प्रत्येक बाबतीत दर्जा घसरलेला होता. मी स्वतः व्यवसायात तीस वर्षे ओलांडली आहेत. हे वाचताना मला आनंद झाला नाही.

एक माझी हकीकत सांगतो. २०१८ चा पावसाळा. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात डेंग्यूची भीती होती. निंदणाला जाणारी पस्तिशीची एक बाई आली. सात दिवसांचा ताप, डोके फुटेल असे दुखणे, प्लेटलेट घटलेल्या. मी डेंग्यू म्हटले, सलाईन लावले, दोन दिवस ठेवले. श्वास लागायला लागला तेव्हा नागपूरला पाठवले. दुसऱ्या रात्री तिथल्या एका निवासी डॉक्टर मुलीचा फोन आला. "सर, हिच्या कमरेला परकराच्या नाडीखाली काळी खपली आहे. तुम्ही पाहिली होती का?" मी पाहिली नव्हती. नाडी सैल करून बघायला हवे हेच मला माहीत नव्हते. तो स्क्रब टायफस होता. गवतातल्या बारीक माइटच्या अळ्या चावून होणारा, डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने वेळेत आटोक्यात येणारा. त्या वर्षी विदर्भात त्याने माणसे गेली. तीही गेली.

त्या मुलीने फोन केला नसता तर? माझ्या वहीत 'डेंग्यू, नागपूरला पाठवले' एवढेच राहिले असते. डेंग्यू ओळखण्याचा माझा अनुभव एका रुग्णाने वाढला असता आणि पुढच्या बाईलाही मी तेच केले असते. गुरू माझ्यासमोर दोन दिवस खाटेवर पडून होता. मी काहीही शिकलो नाही. शिकवले ते फोनने.

यावर स्मरणिकेतले सर महाडचे नाव पुढे करतील, म्हणून तेही आत्ताच घेतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणातल्या विंचूदंशाच्या रुग्णांपाशी रात्र रात्र बसले, हे खरेच आहे. पण ते बसून थांबले नाहीत. नाडी, रक्तदाब, फुफ्फुसात साठणारे पाणी, सारे टिपून ठेवले, लॅन्सेटसारख्या नियतकालिकात मांडले, जगाला तपासू दिले. प्राझोसिन हे औषध वापरात आले आणि जिथे लाल विंचवाच्या दंशाने दर तीन-चार रुग्णांमागे एक जात होता तिथे मृत्यू अगदी थोडे उरले. अनुभवाने असे शिकवायला हवे असेल तर तो लिहावा लागतो, दुसऱ्यापुढे ठेवावा लागतो, आणि मग आडगावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरपर्यंत कोणीतरी पोचवावा लागतो. हे शेवटचे काम म्हणजेच निरंतर वैद्यकीय शिक्षण. महाडचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे.

अनुभव दुसऱ्यापुढे ठेवण्याला होणारा विरोध नवा नाही. एक जुना वाद आठवतो. बाळंतपणात दगावलेल्या प्रत्येक बाईच्या मृत्यूची चर्चा करावी, असे आमच्याकडे ठरू लागले तेव्हा याच मताच्या मंडळींनी गहजब केला होता. म्हणे हा गुन्हेगार शोधण्याचा डाव आहे. त्याही आधी, सिस्टरांना आमच्या सभेत बसू द्यावे असे मी सुचवले तेव्हा एका ज्येष्ठाने विचारले होते, त्यांना यातले काय कळणार? रक्तस्राव सुरू झाल्याचे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येते, हे त्यांनी प्रसूतिकक्षात एक रात्र काढून बघायला हवे होते. दर वेळी भीती एकच: कोणीतरी आपली वही उघडून पाहील.

आता त्यांच्या लेखातले जे खरे आहे ते मान्य करतो. आमच्या सभा वाईट असतात. नऊची वेळ, साडेदहाला दीपप्रज्वलन, मग शाली आणि श्रीफळे, मग एकशेवीस स्लाइडचे व्याख्यान, आणि निरीक्षकासमोर सही करून निघून गेलेल्यांच्या रिकाम्या खुर्च्या. नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरचे वागणे बदलत नाही, सरावाची आणि चर्चेची जोड दिली तर बदलते, हे १९९९ पासून अभ्यासाने दाखवलेले आहे. तरी आम्ही व्याख्यानेच ठेवतो, कारण ती ठेवायला सोपी. त्याहून वाईट म्हणजे विषय पैसा ठरवतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी विपणनाची एकसमान संहिता आणली. भेटवस्तू, व्याख्याते सोडून इतरांचा प्रवास-मुक्काम, परदेशातल्या सभा यांना तिने मनाई केली. चांगले झाले. पण मधुमेहाच्या नव्या महाग गोळीवर वर्षात चार सभा होतात आणि सर्पदंशावर एकही नाही, हे कुठल्या संहितेने सुटणार? सर्पदंशात रक्त तपासायला लागणाऱ्या काचेच्या रिकाम्या नळीला प्रायोजक मिळत नाही.

सर म्हणतात, सभा वाईट आहेत म्हणून अट काढा. स्वयंपाक बिघडला म्हणून कोणी चूल फोडत नाही. सभा कोण आखतो आणि कशावरून आखतो, ते बदलायला हवे.

आम्ही काय केले ते सांगतो. फार नाही, पण केले ते एवढे. त्या बाईनंतर तालुक्यातल्या आठ डॉक्टरांनी ठरवले की पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव एका वहीत लिहायचे आणि महिन्याने त्याच्या घरी फोन करायचा. सहा महिन्यांत त्या वहीने आमचे विषय काढून दिले. पहाटे पोटात दुखते म्हणून आलेला, पापण्या जड झालेला, अंगावर दंशाची खूण नसलेला माणूस मण्यार चावलेला असू शकतो, हे तिघांच्या लक्षात आले नव्हते. घोणस चावल्यावर रक्त गोठते का, हे पाहायला ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवून नळी कलती करायची असते. दोन ठिकाणी प्लास्टिकची नळी वापरली जात होती, म्हणजे चाचणीला काही अर्थच नव्हता.

मग तारीख वहीवरून ठरवली. सर्पदंश जूनच्या सुरुवातीला, कारण रोवणी सुरू झाली की धुऱ्यावर साप चावतात. काळ्या खपलीचा ताप जुलैत. उष्माघात मार्चमध्ये, ऊन तापायच्या आधी. ठिकाण शाळेचा वर्ग. सिस्टर, लॅबवाले, औषध देणारे, सगळे एकाच बाकावर. एका सभेत एकच गोष्ट, आणि ती हाताने करून दाखवायची: नळी कलती करायची, खपली कुठे कुठे शोधायची, बाळंतिणीचे रक्त नजरेने न अंदाजता खुणा केलेल्या पिशवीत मोजायचे. ती पिशवी बेळगावच्या प्रसूतिकक्षांत वापरून तपासलेली आहे, आपल्या शेजारचीच. कंपनीचा पैसा नाही. चहा आणि पोहे वर्गणीतून. आणि तीन महिन्यांनी पुन्हा वही उघडायची: वागणे बदलले का? प्लास्टिकच्या नळ्या गेल्या. खपली शोधणे अजून निम्म्यांचेच सुरू झाले आहे. ते या जुलैत पुन्हा घेऊ.

यालाच क्रेडिट पॉइंट द्यावेत, एवढी माझी मागणी आहे. मान्यता देणाऱ्याने अर्जात तीन गोष्टी विचाराव्यात. विषय कोणत्या उणिवेवरून घेतला, त्या उणिवेचा पुरावा काय, आणि नंतर काय मोजणार. ज्याला उत्तर देता येणार नाही त्याच्या सभेला शून्य गुण. सभागृह किती मोठे होते आणि व्याख्याता कुठून आला होता, हे कोणी विचारूच नये.

स्मरणिकेतल्या सरांना माझी हात जोडून विनंती आहे. अट रद्द करा असे पुन्हा लिहिण्याआधी, गेल्या वर्षी तुम्ही पुढे पाठवलेल्या रुग्णांपैकी कोणतेही दहा निवडा, त्यांच्या घरी फोन लावा, आणि तो माणूस आज कसा आहे एवढेच विचारा.