वाऱ्याची दिशा आणि आमचा पत्ता

पर्यावरणाचा पहिला अभ्यास ह्या देशात कुणी केला माहितेय? ज्यानं महारवडा गावाच्या उगवतीला ठेवला त्यानं. वर्षाचे बरेच महिने वारा मावळतीचा. तो गावावरनं महारवड्यावर यावा, महारवड्यावरनं उलटा गावात शिरू नये, एवढा हिशेब त्यानं चोख मांडला. ओढ्याच्या वरच्या अंगाला गावाचं पाणी, खालच्या अंगाला आमचं. मेलेलं ढोर ओढून न्यायला फार लांब नाही आणि वास यायला फार जवळ नाही, असं अंतर. कुठल्या कन्सल्टंटला फी दिली नाही की फाइल केली नाही. तरी शेकडो वर्षं तो आराखडा कुणी मोडला नाही.

म्हणून पर्यावरण हा भरल्या पोटाच्या लोकांचा विषय आहे असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आपल्यातलेच कार्यकर्ते म्हणतात. आधी घर, आधी नोकरी, मग झाडं न् पाखरं. अरे दोस्तांनो, आपल्याला घर कुठं मिळतं आणि नेमकं तिथंच का मिळतं, हाच तर पर्यावरणाचा प्रश्न आहे.

मुंबईचा नकाशा पुढ्यात घ्या. समुद्र मावळतीला. दुपारचा वारा तिकडनंच सुटतो, मलबार हिल, दादर, वांद्रे ओलांडून पूर्वेला जातो. आता पूर्वेला काय काय मांडून ठेवलंय ते मोजा. माहुल-ट्रॉम्बेला तेलाचे कारखाने, खताचा कारखाना, रसायनांच्या टाक्या. देवनारला कत्तलखाना आणि डंपिंग. कांजूरला दुसरं डंपिंग. आणि ह्या सगळ्याच्या अधेमधे पुनर्वसनाच्या इमारती. रस्ता, पूल, नाला, पाइपलाइन, ज्या कामासाठी जी झोपडी तुटली तिच्यातली माणसं इथं आणून टाकलेली. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व वॉर्ड सगळ्यात तळाला होता. देवनारचं डंपिंग १९२७ चं. त्याच साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तिकडं आपण पाण्यावर हक्क सांगत होतो आणि इकडं हे शहर आपला उकिरडा कुठं घालायचा ते ठरवत होतं. आमच्या वस्त्या नंतर त्याच्या कडेला नेल्या.

ही व्यवस्था आता मनुस्मृती हातात घेऊन येत नाही. ती फॉर्म घेऊन येते.

मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत कंत्राटी मजुरी करतो, लोखंडाच्या कॉइल उतरवतो. माझं इंग्रजी पेटीवरच्या शिक्क्याइतकं. तरी डिक्शनरी मांडीवर घेऊन मी तो फॉर्म वाचला. कवितेचं पुस्तक वाचायला मला इतका वेळ लागत नाही. १४ सप्टेंबर २००६ ची केंद्र सरकारची अधिसूचना आहे. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याच्या वर गेलं की बिल्डरला पर्यावरणाची मंजुरी घ्यावी लागते. तिच्यासोबत बांधकामांसाठी एक फॉर्म जोडला होता, एक-अ. जमीन, पाणी, झाडझाडोरा, प्राणी, हवा, सौंदर्य, समाज, बांधकामाचं सामान, विजेची बचत, शेवटी व्यवस्थापनाचा आराखडा, असे दहा भाग. सौंदर्याच्या भागात विचारलंय, ह्या इमारतीमुळं कुणाच्या समोरचा देखावा अडतो का? समाजाच्या भागात विचारलंय, ह्या प्रकल्पामुळं आसपासच्या लोकसंख्येची रचना बदलेल का, स्थानिक लोकांवर वाईट परिणाम होईल का?

म्हणजे आम्ही तिथं गेल्यावर शेजाऱ्याचं काय होईल ह्याची चौकशी आहे. तिथं गेल्यावर आमचं काय होईल? फॉर्म एकच्या शेवटाकडं, रांगेत अकराव्या नंबरावर, आधीच प्रदूषित झालेला भाग जवळपास आहे का अशी एक ओळ आहे. ओळ भरायची आणि पुढं जायचं. नाहीतर माणूस ह्या फायलींत येतो तो लिटरमध्ये येतो. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी, त्यातलं इतकं सांडपाणी, इतके किलो ओला कचरा, इतका सुका. खातो किती आणि हगतो किती एवढंच. श्वास कसला घेतो, हा रकाना नाही.

आणि ह्याच्याहून मोठी लबाडी पुढं आहे. खाण काढायची, मोठा कारखाना टाकायचा, तर जनसुनावणी घ्यावी लागते. ती कशी उरकतात हे आपल्याला ठाऊक आहे, तरी निदान माइक मिळतो, पोलीस खेचून नेईस्तोवर दोन वाक्यं बोलता येतात. पण इमारतींच्या आणि टाउनशिपच्या प्रकल्पांना त्याच अधिसूचनेत जनसुनावणीतनं सूट दिलीय. दोन हजार घरं बांधा, दहा हजार बांधा, लोकांना विचारायची गरज नाही.

ही सूट देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण असेल? माझ्या मते गिऱ्हाईक. फ्लॅट विकत घेणारा. त्याला नाल्याचा वास आला तर तो साइट बघून परत जाईल, दुसरीकडं बुकिंग करील. त्याची जनसुनावणी त्याच्या खिशातच असते. पण पुनर्वसनाच्या घरात जाणारा माणूस गिऱ्हाईक नाही. त्याची झोपडी आधी पाडलेली असते. चावी घेतली नाही तर फूटपाथ. म्हणजे ज्याला नको म्हणायची सोय नाही, त्यालाच विचारायचं नाही असा कायदा. मेलेलं ढोर ओढायला नेताना महाराला तरी कुणी विचारत होतं?

माहुलचं उदाहरण आपल्या डोळ्यांपुढचं आहे. २०१५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं म्हटलं होतं, की इथल्या हवेमुळं माहुल आणि आंबापाड्याच्या लोकांच्या तब्येतीला धोका आहे. हे कागदावर आल्यानंतर, २०१७ मध्ये, तानसा पाइपलाइनच्या कडेच्या झोपड्या तोडून माणसं कुठं पाठवली? माहुललाच. तिथल्या त्या ७२ इमारतींत. खिडकी उघडली की समोर कारखान्याची धुरांडी. लोक विद्याविहारला पाइपलाइनच्या शेजारी फूटपाथवर बसून लढले, बायाच पुढं होत्या, तेव्हा कुठं २०१९ मध्ये हायकोर्टानं आणखी कुणाला माहुलला धाडायला मनाई केली आणि तिथल्या लोकांना दुसरं घर किंवा महिना १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं. लवाद आणि कोर्ट ह्यांच्यामधल्या चार वर्षांत त्या हवेत जी पोरं जन्मली त्यांचा हिशेब कुठल्या फॉर्ममध्ये लिहायचा?

हवा फक्त बाहेरनं येते असंही नाही. इमारतच रोग तयार करते. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी, ह्या तीन पुनर्वसन वसाहतींचा डॉक्टर्स फॉर यू ह्या संस्थेनं केलेला अभ्यास २०१८ मध्ये बाहेर आला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही. टीबी तिथंच जास्त. पीएमजीपीत इमारतींमधलं अंतर बरं, तिथं कमी. म्हणजे टीबीचा जंतू आर्किटेक्टच्या टेबलावर जन्मतो. झोपडपट्टी पुनर्वसनाचे मुंबईचे नियम बघा. २०३४ च्या विकास नियमावलीत पुनर्वसनाची घरं हेक्टरी किमान ६५० अशी अट आहे. किमान! आधी ५०० होती. इतकी तरी माणसं कोंबलीच पाहिजेत असं लिहिलंय. उरलेल्या जागेवर बिल्डरचा विक्रीचा टॉवर उभा राहायचा असतो, त्याच्या गिऱ्हाइकाला बाग लागते. प्रकल्पाच्या फायलीत ती बाग हिरव्या रंगात येते आणि पर्यावरण पास होतं.

आता धारावी. अदानींची कंपनी आणि सरकार मिळून धारावी नव्यानं बांधताहेत, ८० टक्के वाटा अदानींचा. १ जानेवारी २००० च्या आधीच्या, तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फूट. त्याच्यानंतर आलेले आणि पोटमाळ्यावर, वरच्या मजल्यावर राहणारे धारावीच्या बाहेर. बाहेर म्हणजे कुठं? २०२४ च्या सप्टेंबरात केंद्रानं कांजूर, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन राज्याला दिली, ह्याच कामासाठी. देवनारच्या डंपिंगमधली १२४ एकर त्याच साली ठरली. म्हणजे एक तर खाडीच्या पाण्यात, नाहीतर कचऱ्याच्या डोंगराखाली. देवनारचा १८५ लाख टन कचरा उपसायचं २,३६८ कोटींचं टेंडर महापालिकेनं २०२५ मध्ये काढलं. कचरा उचलतील. पण जवळजवळ शंभर वर्षं तो कुजला, त्याचं काळं पाणी जमिनीत मुरलं, त्याचं काय? कुजणाऱ्या कचऱ्यातनं मिथेन निघतो. २०१६ च्या जानेवारीत हेच डंपिंग दिवसचे दिवस जळत होतं, धूर शहरभर गेला म्हणून बोंब झाली. गोवंडीत तो धूर रोजचाच.

मिठागराबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण आपल्यातल्या अनेकांना ती पडीक जमीन वाटते. सरकारही तसंच भासवतं. ती पडीक नाही. खाडीच्या भरतीचं पाणी उघाडीतनं आत घ्यायचं, बांधांच्या कोंड्यांत आटवायचं, उन्हाळ्यात मीठ ओढायचं, ही आगऱ्यांची आणि बाहेरनं आलेल्या मजुरांची मेहनत. पायाला जखमा, डोळ्यांना चमक, हाताला मजुरी नावाची. त्यांचं कुणी नाव घेत नाही. पावसाळ्यात ही कोंडी डोंगराकडनं येणारं पाणी पोटात घेतात आणि ओहोटीला खाडीत सोडतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा बुडालं कोण, हे सांगायला नको. मिठागरात दोन-तीन मीटर भराव टाकला की इमारत सुकी राहील. पण पाणी काही बिल्डरचं ऐकून नाहीसं होत नाही. ते शेजारच्या सखल वस्तीत शिरणार. तिथं कोण राहतं? पुन्हा आपणच. धारावीतल्या गरिबाला घर देतो म्हणून भांडुपच्या गरिबाचं घर बुडवायचं, ही ह्या आराखड्याची कमाल आहे.

२०२४ मध्ये मुलुंडला ह्याच्या विरोधात आवाज उठला. मिठागर वाचवा, रोहित पक्षी वाचवा. वाचवाच. मला ते पक्षी आवडतात. गोदीतनं सुटलो की कधी कधी शिवडीला जातो, ओहोटीला गाळावर गुलाबी थर दिसतो. दोन कविता केल्यात त्यांच्यावर, पंख न मोडता. पण त्या विरोधाच्या पोटातला दुसरा आवाजही मी ऐकला. आमच्या पाण्यावर ताण येईल, आमच्या लोकल भरतील, धारावीचे लोक इथं नकोत. ह्या आवाजाला पाखरांशी देणंघेणं नाही. उद्या त्याच मिठागरात तीन कोटींचे फ्लॅट निघाले तर त्यातले किती जण मोर्चाला येतील? ह्यांच्या फॉर्ममध्येही आम्ही परिणामच आहोत, लोकसंख्येच्या रचनेतला बदल आहोत. तेव्हा बिल्डरच्या बाजूनं नाही आणि ह्या बाजूनंही नाही, आपली तिसरी बाजू आहे. मिठागर मिठागरच राहिलं पाहिजे आणि धारावीच्या माणसाला, तो पोटमाळ्यावरचा असला तरी, घर धारावीतच मिळालं पाहिजे. ह्या दोन मागण्या वेगळ्या नाहीत. एक सोडली की दुसरी आपोआप पडते.

कुणी म्हणेल, इतकी माणसं धारावीत मावणार कुठं? माती-शेणात, कातडी कमावत, मडकी भाजत ती माणसं आजवर मावलीच ना? जागा अपुरी पडते ती विक्रीच्या टॉवरांमुळं. विकायच्या चौरस फुटांतनं घटवा, मग बोला.

आपल्या तरुणांनी आता एक काम करायचं. जिथं जिथं आपल्या लोकांना हलवायचं ठरतंय, त्या जागेची फाइल काढायची. मंजुरीची कागदपत्रं सरकारच्या परिवेश पोर्टलवर असतात, बहुतेक इंग्रजीत. वस्तीतल्या कॉलेजच्या पोरीपोरांना बसवून त्यांचं मराठी करायचं, बुद्धविहारात मोठ्यानं वाचायचं. हवेची मापं घेतली ती कुठं, कुठल्या महिन्यात? पावसाळ्यात घेतली असतील तर हवा धुतलेलीच असणार. खालच्या मजल्याला किती तास ऊन? भरावानंतर पाणी कुठं जाणार ह्याचा नकाशा आहे का? राहायला जाणाऱ्यांपैकी एकाची तरी सही आहे का? उत्तर नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरनं हलू नका.