बॉस, येळवस आहे!

‘कुठला फेस्टिवल?’ माझ्या चुलतभावाला त्याच्या टीम लीडने विचारलं. ३० डिसेंबर २०२४, सोमवार. इयर एंड, रिलीज डोक्यावर, आणि हा हिंजवडीचा शहाणा लीव्ह मागतोय ‘येळवस’साठी. लिस्टमध्ये नाही म्हणून लीव्ह रिजेक्ट. मी फ्रीलान्सर असल्याने मला रिजेक्ट करायला कुणीच नव्हतं. लॅपटॉप सॅकमध्ये टाकला आणि रविवारी सकाळीच पुण्याहून देवणीची वाट धरली.

तर मित्रांनो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिवला या दिवशी कलेक्टर चक्क लोकल हॉलिडे देतात. शहरं इतकी ओस पडतात, की नव्या माणसाला कर्फ्यू लागलाय असंच वाटावं. सगळी पब्लिक शेतात! देवणीपासून कर्नाटक हाकेच्या अंतरावर. तिकडे बिदर, कलबुर्गीला हाच सण एळ्ळ अमावास्या होतो. एळ्ळु म्हणजे तीळ. आमच्याकडेही तिळाच्या पोळ्या असतातच.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात. कोप म्हणजे आपला ट्रेकिंगचा टेन्टच समजा, फक्त झिप नसलेला. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा झाली की घरचा कर्ता माणूस आंबील घेऊन पिकाभोवती फिरतो आणि चारही बाजूंना शिंपडतो. तोंडाने अर्धी कानडी, अर्धी मराठी आरोळी. अर्थ काकांनाही सांगता येत नाही, पण ओरडतात मात्र जीव तोडून. इंग्लंडमध्ये सॉमरसेटला जानेवारीत ‘वॉसेलिंग’ करतात. सफरचंदाच्या झाडाच्या बुंध्याशी सायडर ओतायची, फांदीला टोस्ट अडकवायचा आणि आरडाओरडा करायचा. गोऱ्यांची सायडर, आमचं आंबील. दोन्ही आंबवलेलीच!

आता खाणं. भज्जी म्हणजे भजी नव्हे, प्लीज. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाल, पावटा, मेथी, शेंगदाणे, चिंच, जे जे रानात पिकतं ते सगळं बेसन लावून एका पातेल्यात. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, धपाटे. काकू दोन दिवस आधीपासून चुलीपुढे, आणि कौतुक मात्र कोप बांधणाऱ्याचं. (हा वेगळ्या कॉलमचा विषय आहे, लिहिणारच.) बांधावरून जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही, हा नियम. ज्याला शेत नाही, त्याला त्या दिवशी प्रत्येक शेत आपलंच.

पण यंदा काकांचा मूड वेगळा होता. आमच्याकडे खरीप ज्वारी जाऊन सोयाबीन आलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. सोयाबीनचा कडबा होत नाही. त्यामुळे कोपीसाठी दोन पेंढ्या विकत आणाव्या लागल्या, वर काकूची जुनी साडी पांघरली. देवणी जातीचा शेवटचा बैल, पांढरा, अंगभर काळे ठिपके असलेला शेवरा, तो आदल्या वर्षीच विकला. जेवण झाल्यावर काकांनी हळूच सांगितलं, पाडव्यापासून रान बटईनं देतोय. गुडघे ऐकत नाहीत आणि पोरं पुण्यात.

मी विचारलं, ‘मग येळवस कुणाची?’

काकांनी बराच वेळ हरभऱ्याचे घाटे सोलले. मग म्हणाले, ‘पीक त्याचं अर्धं, आपलं अर्धं. पर कोप आपुनच घालायची, असं बोलूनच घेतलंय. तुमी येऊलालाव का नाही, तेवढं सांगा.’

हे ‘तुमी’ माझ्यापुरतं नव्हतं, म्हणून मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो ऑफिसच्या पँट्रीत सँडविच खात होता. काकांनी मोबाइल हातात घेतला आणि काही न बोलता कॅमेरा सरळ कोपीकडे फिरवला. दादाही काही बोलला नाही.

पुढची येळवस १९ डिसेंबर २०२५ला होती, शुक्रवारी. दादाने ऑगस्टमध्येच लीव्ह टाकली. कारण लिहिलं, ‘फॅमिली फंक्शन’. अप्रूव्ह! कडबाही त्यानेच आणला, बटईदाराच्या पोरासोबत कोपही बांधली. कोप जरा वाकडी झाली. काका बोलायचे थांबेनात.

तुमच्या ऑफिसात लातूर-उदगीरकडचं कुणी असेल, तर डिसेंबरात त्याला लाडीगोडी लावा आणि डब्याशिवाय जा. फक्त आंबील जपून. दोन तांबे पोटात गेले, की झाडाखाली अशी झोप लागते की परतीची गाडी हमखास चुकते.