शाप नव्हे, वरदानही नव्हे

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मंडळांत एखाद्या अंध गायकाचा कार्यक्रम ठरला, की प्रास्ताविक करणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : ईश्वराने दृष्टी हिरावून घेतली, परंतु त्या बदल्यात सूर दिला. पाठोपाठ सूरदासांचे नाव येते, टाळ्या पडतात, आणि एका कलावंताचा आपण यथोचित गौरव केला या समाधानात श्रोते मागे रेलून बसतात. हे वाक्य वरवर गौरवाचे वाटते. वस्तुतः ते अन्यायाचे आहे. माझ्या या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ एका अमेरिकन गायकाचे चरित्र मी वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेड्यापाड्यांत, शेतकरी आणि कष्टकरी कुटुंबांत वाढलेल्या गाण्याला तिकडे ‘कंट्री’ संगीत म्हणतात. या संगीतात नाव मिळविलेले रॉनी मिल्सॅप १९४३ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यातील रॉबिन्सव्हिल या डोंगरी गावी जन्मले. जन्मजात काचबिंदूमुळे त्यांना जवळजवळ दिसत नव्हते. मुलाचे अंधत्व ही आपल्याला मिळालेली ईश्वरी शिक्षा आहे, अशी आईची समजूत झाली. तिने मुलाला टाकले, आणि आजी-आजोबांनी गरिबीत त्याचा सांभाळ केला. आईला आपण निर्दय ठरवू. पण ‘देवाने शिक्षा दिली’ म्हणणारी ती आई आणि ‘देवाने देणगी दिली’ म्हणणारे आपण, यांत अंतर ते किती? दोघांच्याही हिशेबात तो मुलगा कोठेच नाही. शाप आणि वरदान ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, आणि त्या नाण्याने माणसाचे श्रम विकत घेता येत नाहीत.

मिल्सॅप यांना संगीत कोणी दिले, याचे उत्तर सरळ आहे. पाच-सहा वर्षांचे असताना त्यांची रवानगी रॉली येथील राज्य सरकारच्या अंधशाळेत झाली. तेथे सातव्या वर्षी त्यांच्या हाती व्हायोलिन आले, मग पियानो, पुढे गिटार. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले, ते सरकारी खर्चाने. म्हणजे ज्याला आपण चमत्कार म्हणतो, त्याच्या पाठीशी वेळापत्रक होते, शिक्षक होते आणि अंदाजपत्रकातील एक बाब होती.

ती शाळा म्हणजे स्वर्ग होता, असे मात्र कोणी समजू नये. चौदाव्या वर्षी तेथील एका गृहपालाच्या चपराकीने डाव्या डोळ्यातील उरलासुरला प्रकाशही गेला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. संस्था हवी आणि तिच्यावर जागता पहाराही हवा, हा त्यातील बोध. चमत्काराला जाब विचारता येत नाही. शाळेला विचारता येतो, आणि विचारलाच पाहिजे.

पुढे ते महाविद्यालयात गेले. कायद्याच्या शिक्षणासाठी पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली असता ती नाकारून त्यांनी संगीत हाच व्यवसाय पत्करला. या निर्णयाला बळ देणारा मनुष्य होता रे चार्ल्स, स्वतःही अंध असलेला थोर गायक. त्यानंतर मेम्फिसच्या क्लबांतून वर्षानुवर्षे वादन, १९७० साली एल्व्हिस प्रेस्ली यांच्या एका गीतासाठी पियानोची साथ, १९७२ च्या अखेरीस नॅशव्हिलला प्रयाण. आणि वयाची तिशी उलटल्यावर, १९७४ साली, कंट्री गीतांच्या यादीत पहिला क्रमांक. १९८९ पर्यंत ‘बिलबोर्ड’च्या त्या यादीत त्यांची ३५ गीते अग्रस्थानी पोहोचली. १९७७ साली कंट्री संगीत संघाचा वर्षातील सर्वश्रेष्ठ रंजनकाराचा मान त्यांना लाभला, आणि २०१४ साली कंट्री संगीताच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांची निवड झाली.

कोणी म्हणेल, त्या शाळेतून शेकडो मुले बाहेर पडली, मिल्सॅप एकच झाला; मग ही ईश्वरी देणगी नव्हे काय? प्रतिभा असते, हे कोण नाकारतो? परंतु डोळस गायकाविषयी बोलताना आपण त्याचा गुरू कोण, घराणे कोणते, रियाज किती, हे आवर्जून विचारतो. अंध गायकापुढेच हे प्रश्न आपल्याला का सुचत नाहीत? गुरुऋण आणि तपश्चर्या हे कलावंताचे खरे धन. तेच आपण त्याच्याकडून काढून घेतो आणि हातात दयेचा नारळ ठेवतो.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला आणि लवकरच तो सरकारी पाट्यांवर चढला. हेतू चांगला असेल. पण त्या शब्दातही वरदानच दडलेले आहे. पाटी बदलली म्हणून कपाटातील फाईल हलत नाही, हे आपणा सरकारी नोकरांना कोणी शिकवावयास नको. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि सरकारी नोकरीतील राखीव जागांचे प्रमाण १९९५ च्या कायद्यातील ३ टक्क्यांवरून किमान ४ टक्क्यांवर नेले. विशेषणांपेक्षा ही कलमे मोलाची आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी आपल्यापैकीच अनेकांच्या टेबलावरून जाते.

तेव्हा पुढील प्रास्ताविकात सूरदासांना विश्रांती द्यावी. गायकाच्या गुरूचे नाव घ्यावे, डोळस गायकाला देतो तेवढीच बिदागी द्यावी, आणि गाणे बेसूर झाले तर तसे स्पष्ट म्हणण्याइतका त्याचा मान राखावा.