फुटका कान आणि मागचा बाक

मुलाला पडसे व्हावे, रात्रभर कान ठणकावा, तो फुटून वाहू लागावा आणि कळ थांबली म्हणून घरच्यांनी निश्चिंत व्हावे, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात कोणाला आजार दिसत नाही. वस्तुतः कळ थांबते ती कानाच्या पडद्याला भोक पडून आतला पू बाहेर आल्यामुळे. बहुधा हे भोक काही आठवड्यांत आपोआप भरते. परंतु कान वरचेवर वाहत राहिला, तर ते कायमचे होऊन बसते.

या भोकाने नेमके काय बिघडते? पडद्याचे कंप पावणारे क्षेत्र सुमारे ५५ चौरस मिलिमीटर. आतल्या रिकिबीच्या तळाचे जेमतेम ३. मोठ्या क्षेत्रावरचे बल लहान जागी एकवटते, त्यात हाडांच्या तरफेची भर पडते आणि ध्वनीचा दाब सुमारे २२ पट होऊन अंतर्कर्णात पोहोचतो. पडदा फाटला की ही वाढ घटते. भोक जितके मोठे तितकी हानी अधिक; हाडांची साखळीही तुटली, तर ती ५० ते ६० डेसिबलपर्यंत जाते.

दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा दोन्ही कानांत ६० डेसिबल हानी झाल्यावरच श्रवणदोष मानतो. त्यामुळे ४० डेसिबल गमावलेले मूल कायद्याच्या हिशेबात बसत नाही आणि शिक्षकाच्या लेखी ते केवळ दुर्लक्ष करणारे ठरते. यात कायद्याला दोष देण्याचे कारण नाही. अशा मुलाला प्रमाणपत्र नव्हे, उपचार हवा. आणि स्नायूवरील पातळ आवरणाचे ठिगळ लावून पडदा सांधण्याची शस्त्रक्रिया आज सर्वमान्य आहे.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत मध्यकर्णाचा दाह व श्रवणदोष या दोहोंचा समावेश आहे. प्रश्न आहे तो चिठ्ठी हाती पडल्यानंतरचा. शस्त्रक्रिया मोफत असली, तरी आईबापांचा बुडणारा रोज मोफत नसतो. तपासणीइतकीच प्रवासखर्चाची व बुडालेल्या मजुरीची तरतूद झाली, तरच ती चिठ्ठी इस्पितळापर्यंत पोहोचेल.

तोवर कानात गरम तेल वा काडी न घालणे, पाणी जाऊ न देणे आणि कान वाहणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. त्यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही.